तीन हजार केल्विन

अभ्यंकर काका नव्या माणसाला नाव विचारत नाहीत, केल्विन विचारतात. पार्सिपनीतल्या या घरात आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी ड्राइव्हवेत गाडी लावत होते. तेवढ्यात शेजारून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ हात हलवत धावत आले. आल्या आल्या कुठला नियम मोडला बाई?

"मराठी ना? मघापासून सोफ्यावरून भांडताय, ऐकतोय. हेडलाइट किती केल्विनचे?"

"माहीत नाही हो. गाडी सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने बसवलेत."

त्यांनी डोळे बारीक करून दिव्यांकडे पाहिलं. "सहा हजार. हरकत नाही," म्हणाले आणि सुटकेचा निःश्वास टाकून निघून गेले. नाव विचारायला दुसऱ्या दिवशी आले.

केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप. आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. हे ज्ञान मला मागितलेलं नसताना मिळालं आहे. आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त, असं मी एकदा बोलून गेले, तर काका हातातला चहा ठेवून उठलेच. "उजेड वेगळा, रंग वेगळा! आधी रंग ठरव!" हे त्यांचं पालुपद. रिटायर्ड इलेक्ट्रिकल इंजिनिअर, त्यामुळे कुणाची टाप नाही वाद घालायची. स्वतःच्या जुन्या गाडीत त्यांनी इतके बल्ब बदलून पाहिले की ऑटो पार्ट्सच्या दुकानात त्यांना पाहून लोक मागच्या खोलीत पळत असतील. शेवटी तीन हजारांवर स्थिरावले. हळदीच्या दुधासारखा पिवळा उजेड.

आणि माणूस भित्रा किती! धुक्याला भितात, बर्फाला भितात, हरणांना तर फारच. डिसेंबरात एकदा ग्रोसरीहून त्यांनी मला राइड दिली. मध्येच करकचून ब्रेक. "हलू नकोस! हरिण!" आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. हरिण काही हलेना. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. शेवटी मीच म्हटलं, "काका, त्याच्या पोटात लाइट लागलाय." कुणाच्या तरी लॉनवरचं नाताळचं हरिण होतं ते!

पण त्यांच्या घरात खरी भीती राहायची ती काकूंच्या मनात. त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय. समोरच्याचा चेहराच दिसत नाही, कडेकडेचं दिसतं, उजेड आणि रंग कळतो. एका संध्याकाळी पार्सलवाला आला, तर काका आले समजून काकूंनी दार उघडून त्याचा हात धरला. तो बिचारा "मॅम, मॅम" करत राहिला. तेव्हापासून त्यांनी धसका घेतला. कुलपात किल्ली फिरली तरी थरथर कापायच्या. आधी फोन करावा, तर म्हणायच्या, "आजकाल आवाजही चोरतात."

"अंधार पडल्यावर मी बाहेर असलो की जीव टांगणीला लागतो गं," काका एकदा म्हणाले. "घाबरून धावली, पडली, तर?" मी शहाणपणाने कॅमेरा सुचवला. "आणि त्यात ती बघणार काय?" ते म्हणाले.

या नोव्हेंबरात दाट धुक्यात माझ्याच गाडीपुढे हरिण आलं. खरंखुरं. थोडक्यात वाचले. मग काकांची आठवण झाली आणि गॅरेजमध्ये जाऊन मी त्यांच्यासारखे तीन हजारांचे पिवळे बल्ब बसवून घेतले. म्हटलं, काका खूश होतील.

त्याच दिवशी ऑफिसातून निघाले तेव्हा पाचच वाजले होते, पण मिट्ट काळोख. गारठलेला पाऊस पडत होता. आमचे दोघांचे ड्राइव्हवे लागूनच आहेत. मी आत वळले आणि त्यांचं दार उघडलं. काकू स्वेटर न घालता, चपला न घालता, हसत हसत थेट माझ्या दिव्यांकडे चालत आल्या. मी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. त्यांनी गाडीच्या पुढच्या हूडवर हात टेकला.

"किती हो उशीर! मी केव्हाची खिडकीत उभी आहे."

कशीबशी उतरले. "काकू, मी शुभदा."

त्यांचं हसू मावळलं. "मग हे कुठे आहेत?" माझा दंड त्यांनी इतका घट्ट धरला की दुखायला लागलं.

तेवढ्यात काकांची गाडी आली. काका तसेच पावसात धावले. "मी आहे गं, मीच!" काकू माझ्यामागे सरकल्या. इकडेही पिवळा, तिकडेही पिवळा. विश्वास ठेवायचा कुणावर?

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"अख्ख्या स्ट्रीटवर हा एकच रंग कुणाकडे नव्हता," ते म्हणाले. "त्यावरूनच ही मला ओळखते; तो दुसऱ्या कुणाचा नको, म्हणून तर सगळ्यांना विचारत फिरायचो. का, ते सांगितलं नाही कुणाला. भीती वाटायची गं. मुद्दाम कुणी तसाच दिवा लावून आलं तर?"

मला रडूच फुटलं. मी गाडीत हात घालून माझे दिवे बंद केले.

काका परत गाडीत बसले, रिव्हर्स घेत रस्त्यापर्यंत मागे गेले आणि नव्याने, हळूहळू, घरी आले. पिवळा उजेड काकूंच्या साडीवर पडला, पावलांवर पडला.

मग त्यांनी माझा दंड सोडला.