उन्हाचा मान

एक आबनुसी तिपाई.

घोट्यापर्यंत भिजलेले देव.

सासऱ्यांची लोकरीची टोपी.

तांब्याचे दोन आरसे, चिंचेने घासल्यासारखे लखलखीत.

महाराजांची भर दुपारची सावली, वीतभर.

उगवतो तोच राखणार, मावळतो तोच राखणार, त्या सूर्यदेवाचे पायी मस्तक ठेवून लिहिले. महाराजांचे राज्याचे एकविसावे साल, नदीस पूर येण्याआधीचा कोरडा महिना. ते समयी नदीकाठच्या राज्यात सुबत्ता होती, गहू उदंड, सोने खाणीतून दगडासारखे निघे, आणि कापड ऐसे तलम की अंगठीतून पार व्हावे. परंतु लाकूड नव्हते. खजुरीचे खोड होते, ते भुसभुशीत, आणि बाभळ होती, ती वाकडी. आणि पूर आला म्हणजे देवाची स्वारी नावेतून निघावयाची, ती नाव जुनी होऊन पाणी घेऊ लागली होती. मागील साली देव घोट्यापर्यंत भिजले आणि प्रजा हळहळली. मग महाराजांनी उत्तरेच्या डोंगरी राज्याकडे सोने व कापड पाठवून देवदार मागितला. डोंगरच्या राजाने उत्तर केले की, आमचे वकील येतात, त्यांचा सन्मान कैसा होतो ते पाहू, मग लाकूड सोडू.

वकील किलुश नावाचे, वृद्ध, ताडासारखे उंच, डोक्यास लोकरीची टोपी, ती त्यांच्या राजाने दिलेली म्हणोन काढावयाची नाही. दरबारचा दुभाषी पेन्हूत. याने व्यापाराचे निमित्ताने डोंगरात जाऊन वकिलांचीच लेक अरिन्ना करून आणिली होती, आणि डोंगरची भाषा तो बायकोशी भांडून शिकला, म्हणोन अस्खलित बोले.

त्या राज्याची रीत ऐसी की, पाहुणा जितका थोर तितका वेळ त्यास दरबारच्या उघड्या चौकात उन्हात उभे करावे. सूर्य हा महाराजांचा बाप. बापाने पाहुण्यास हात लावावा, याहून मोठा मान नाही. मध्यम वकिलास घटकाभर ऊन मिळे, आणि व्यापाऱ्यांस सावलीत बसवीत, ते मनात खट्टू होत. दिवाणांनी देवदारावर नजर ठेवून हुकूम केला की, या वकिलांस तीन दिवस, सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत, पुरा मान द्यावा.

मग वकील उभे राहिले. आणि दुपार झाली, आणि फरशी तव्यासारखी तापली, आणि वकील ओठ न हलविता आपले भाषेत म्हणाले, "जावईबापू, मी यांचे काय वाईट केले?"

पेन्हूत खांबाआडून म्हणाला, "मामंजी, हा मान आहे."

"मग थोडा तुम्हीहि घ्या."

"मी चाकर माणूस. माझी तितकी योग्यता नाही."

संध्याकाळी अरिन्नेने बापाचे मानेवर ओली फडकी ठेविली, आणि नवऱ्यास बजाविले की, बाबा सावली मागणार नाहीत. मागितली तर त्यांचा राजा नाजूक ठरतो. उद्या ते पडतील. ते पडले की लाकूड गेले, आणि लाकडाआधी मी माहेरी गेले, हे ध्यानात ठेवा.

दुसरे दिवशी प्रातःकाळी पेन्हूत दिवाणांकडे गेला आणि वकिलांस त्रास होतो म्हणाला. दिवाण भला माणूस, त्यांस वाईट वाटले. त्यांनी समजूत करून घेतली की काल मान उणा पडला असेल. आणि तांब्याचे दोन आरसे मागवून वकिलांचे दोहो बाजूंस लावविले, जेणेकरून एका सूर्याचे तीन व्हावे.

मग दुपारी वकील डोलू लागले. दिवाण कौतुकाने म्हणाले, पाहा, देव अंगात आला. तेव्हा पेन्हूत महाराजांचे सिंहासनापुढे पालथा पडला. महाराज दगडी सज्ज्याखाली, शहामृगाच्या पिसांच्या पंख्याखाली विराजमान होते. पेन्हूताने अर्ज केला, "महाराज, बापाचा मान पोहोचला. लेकाची सावली मात्र अजून लाभली नाही, त्याची वाट वकील पाहतात."

त्या राज्यात ऐसा भाव होता की महाराजांची सावली ज्यावर पडेल त्यास मरण शिवत नाही. परंतु एकवीस वर्षे महाराज पंख्याखालीच असल्याकारणे ती कोणी पाहिली नव्हती. महाराज फार संतोषले आणि चौकात उतरले. पंखेकरी मागे धावला, त्यास पेन्हूताने अडविले, की पंख्याची सावली महाराजांची सावली गिळील. आणि पाहतात तो महाराज ठेंगणे, सूर्य माथ्यावर, सावली वीतभर, ती वकिलांचे पायाच्या अंगठ्यासहि पुरेना. मग परमुलखीच्या काळ्या आबनुसी लाकडाची तिपाई आणिली, तीवर महाराज चढले, आणि वकिलांस पायथ्याशी बसावयाची विनंती जाहली. वकील टोपीसकट सावलीत मावले, आणि आरसे दोन्हीकडून महाराजांवर लागले.

थोडा वेळ गेला. महाराज हळूच बोलिले, "ऊन फार आहे हो."

वकिलांनी विचारिले, "काय म्हणतात?"

पेन्हूत म्हणाला, "म्हणतात, बाप आज फार मायेत आहे."

"त्यांना सांगा, माया पोहोचली."

हे पेन्हूताने शब्दशः सांगितले. महाराज तिपाईवरून उतरले, आणि तेच पावली हुकूम केला की, यापुढे थोर पाहुण्यास ऊन पळभर द्यावे आणि बाकी सर्व वेळ महाराजांची सावली द्यावी. महाराज नसतील तेथे चार काठ्यांवर तलम कापड ताणावे आणि त्यासच महाराजांची सावली म्हणावे. तिसरे दिवशी वकील त्या कापडी सावलीत बसून कलिंगड खाते झाले. मग वकील डोंगरात गेले आणि आपले राजास म्हणाले की, तेथील राजा माझ्यासाठी स्वतः उन्हात उभा राहिला. पूर येण्याआधी देवदार पाण्यावरून आला.

येणेप्रमाणे हकीकत. वकील वाचले, देव कोरडे राहिले, अरिन्ना सासरीच नांदली, आणि दोन्ही राज्यांत ज्याचा त्याचा मान ज्याच्या त्याच्यापाशी राहिला.

महाराजांचे पूर्वजांनी दरबारचा चौक बांधिला तेव्हा त्यावर छप्पर घालावयाचे होते. लाकूड मिळाले नाही.