भरतेशची लीग आणि रंगुबाईची मेंढरं

यंदा आपली लीग जिल्ह्यात गाजणार, असं भरतेशनं दसऱ्याच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं. दुकानात, जेवताना आणि एकदा तर मंदिराबाहेर चप्पल शोधता शोधताही. तो खरा खत-बियाण्यांचा दुकानदार, पण त्याचा सगळा जीव व्हॉलीबॉलच्या लीगमध्ये. कवठे महांकाळजवळच्या चार गावांचे तेच चार संघ वर्षानुवर्षं एकमेकांशी खेळत होते. कोण कुठल्या चेंडूला चुकणार हे प्रेक्षकांना पाठ झालं होतं. आणि प्रेक्षक म्हणजे तरी कोण, तर नवऱ्याला जेवायला बोलवायला आलेल्या बायका. आणखी एक वर्ष असंच गेलं तर लीग मरणार, हे त्याला दिसत होतं आणि त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

म्हणून त्यानं दोन नवे संघ पटवले. एक वडूजचा. त्याचा कप्तान नानासो फौजेतून निवृत्त झालेला, आणि सगळ्यांच्या चड्ड्या पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या. दुसरा संघ जतकडच्या मेंढपाळांचा. ही पोरं मेंढरं कोंडायच्या जाळीवरून चेंडू मारत खेळ शिकलेली. पाऊसकाळ संपला की कळप घेऊन ती पश्चिमेला निघतातच, तेव्हा वाटेत तीन दिवस थांबायला त्यांचा कप्तान जोतीराम कबूल झाला.

या आनंदात भरतेशनं स्वतःसाठी एक निळा टी-शर्ट छापून घेतला. पाठीवर ठळक अक्षरात ‘सचिव’.

“टीमा वाढल्या म्हणून तुमाला कापडं कशाला?” त्याच्या बायकोनं, त्रिशलानं विचारलं.

“लांबनं लोक येणार. सचिव कोण ते कळाय नको?”

मैदान त्याच्या चुलत्याचं, आदगोंडाअण्णांचं. मुरमाड, पडीक तुकडा. देतानाच अण्णा म्हणाले होते, “जोवर हितं काय पिकत न्हाई, तवर खेळा.” तिथं कुसळसुद्धा दहादा विचार करून उगवायचं, त्यामुळं भरतेश निर्धास्त होता.

आदल्या दिवशी संध्याकाळी जतचा संघ आला. पुढं सहा खेळाडू, मागं चारशे मेंढरं आणि सगळ्यात मागं जोतीरामची आई रंगुबाई, हातात काठी घेऊन. कळप दिसताच गावातले शेतकरी धावले. रात्रभर रानात मेंढरं बसवली की जमिनीला लेंड्यांचं खत मिळतं, म्हणून जो तो जोतीरामला आपल्या रानाकडं ओढायला लागला. कुणी धान्य कबूल केलं, कुणी नुसताच दंड धरला.

भरतेश घाबरला. ही पोरं रात्रभर कुठल्यातरी लांबच्या रानात कळप राखत बसली, तर सकाळी खेळणार काय?

“आवं सचिव, पोरांची सोय झाली. माझ्या मेंढरांनी कुठं बसायचं?” रंगुबाईनं विचारलं.

सूर्य टेकायला आला होता. भरतेशच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची रीत, आणि त्रिशलाचे दोन फोन येऊन गेले होते. त्यानं घाईघाईत हात हलवला.

“मैदानातच बसवा की मावशी. सकाळी झाडून घिऊ.”

आणि तो जेवायला पळाला. रोज दिवसभर खत विकणाऱ्या माणसाला आपण काय बोलून बसलो हे कळलं नाही, यावर पुढं गावात पुष्कळ चर्चा झाली.

सकाळी झाडू फिरवला, पण निम्म्या लेंड्या निघाल्या आणि निम्म्या मुरमात दबल्या. तरी सामने झकास झाले. नव्या संघांनी जुन्या चारही संघांना असं लोळवलं की बांधावर माणूस मावेना. शेजारच्या गावांतनं ट्रॅक्टर भरून लोक आले. भरतेशचा स्वतःचा संघ पहिल्याच दिवशी हरला आणि तरीही तो लग्नघरातल्या यजमानासारखा मिरवत होता. रंगुबाई रोज रात्री जाळी नव्या जागी लावायची, त्यामुळं तिसऱ्या दिवसापर्यंत मैदानाचा एकही कोपरा सुटला नव्हता.

अंतिम सामना वडूज आणि जतचा. जतच्या पोरांचा जन्म लेंड्यांवर चालण्यात गेलेला. वडूजकर मात्र चेंडूपेक्षा स्वतःलाच जास्त सावरत होते. शेवटच्या चेंडूला नानासोनं सूर मारला आणि उठला तेव्हा पांढरी चड्डी ओळखू येईना.

“ये ग्राउंड है की गोठा?” तो गरजला. जत जिंकलं.

प्रमुख पाहुणे आदगोंडाअण्णा. ते लेकीकडून सांगलीहून त्याच दुपारी परतलेले. ते चषक घेऊन उठले, मैदानाच्या मधोमध आले आणि खाली वाकले. मूठभर माती उचलली, चुरली, हुंगली. चषक तसाच काखेत.

“पावण्यांनी लई उपकार केलं,” अण्णा माईकवर म्हणाले. “ह्या रानाला आमच्या बापजाद्यानं कवा पाटी खत घातलं न्हाई. उद्याच नांगर धरतो. शाळू टाकायचा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेतकरीच ते, त्यांना आनंद झाला. भरतेश मात्र “अण्णा, थांबा” म्हणत धावला आणि उताणा पडला, बरोबर ‘सचिव’वर.

“अण्णा, लीगचं काय?” त्यानं पडल्या पडल्या विचारलं.

“मी काय म्हणालो हुतो? काय पिकत न्हाई, तवर. आनि दुकानात तूच सांगतोस न्हवं, खताबिगर शेती न्हाई?”

घरी त्रिशलानं टी-शर्ट उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. तिनं तो काठीनं उचलून अण्णांच्या गड्याकडं दिला.

पुढचे दोन-तीन महिने भरतेश दुकानात नुसती खताची पोती मोजत होता. लीग वाचवायला निघालो आणि आपणच तिचं रान पेरून बसलो, हे त्याला जेवणही गोड लागू देत नव्हतं. आणि मग एक दिवस फोन आला. मग दुसरा. आठवडाभर फोनच फोन. पुढच्या साली लीग आमच्या गावात घ्या, मैदान देतो, मांडव देतो, आमचीही टीम उतरवतो.

“किती वर्सं खेळताय तुमी?” भरतेशनं एकाला हरखून विचारलं.

“अजून बॉल आणायचाय गड्या. पर जतची टीम नक्की येणार न्हवं? मेंढरांसकट?”

नऊ संघ झाले. भरतेशनं त्रिशलाला सांगितलं, लीग आता मरत नाही. त्याचे डोळे भरून आले होते, तेव्हा तिनंही त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मग तो नेटचे खांब उपटून आणायला जुन्या मैदानावर गेला. शाळू डोक्याच्या वर गेला होता. कणसं भरली होती. मधोमध एक खांब दिसत होता, त्याला आडवी काठी बांधलेली, वर मडकं आणि अंगात निळा टी-शर्ट.

“त्यो खांब सोडून दुसरा न्हे,” अण्णा बांधावरून म्हणाले. “पाखरं लय भित्यात सचिवाला.”