थेट प्रक्षेपण

वहिनी गेली तेव्हा टीव्ही चालू होता. दादाने तिचे डोळे मिटले, मला फोन केला आणि रिमोट उचलून चॅनेल बदललं.

मी वरच्या मजल्यावरून खाली आले तेव्हा वहिनी सोफ्यावर होती, दादा तिच्या पायाशी बसला होता आणि पडद्यावर झेब्रे नदी ओलांडत होते. पुढे आमच्या एका चुलतभावाने यावरून दादाला बरंच सुनावलं. वहिनीच्या चॅनेलवर खाली एक पट्टी असायची आणि ती हलायची नाही. दादाचा हात सवयीने रिमोटकडे गेला, एवढंच.

दादा माझा थोरला भाऊ. तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात त्याने जन्मभर छटा तपासल्या. पांढरा रंग लावलेले दोन पत्रे तो शेजारी शेजारी धरायचा. मला दोन्ही सारखेच दिसत. "छटा बघ, बेबी, छटा!" तो म्हणायचा. "हा डावीकडचा आजारी आहे."

तो निवृत्त झाला तेव्हा मुग्धाने, त्याच्या मुलीने, बंगळुरूहून ओएलईडी टीव्ही पाठवला. बसवायला आलेल्या माणसाने जाता जाता सांगितलं, "काका, एकच चित्र फार वेळ ठेवू नका, डाग पडतो." तो माणूस सहज बोलून गेला. पण त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी एक कार्यक्रम सलग पाहिला नाही.

क्रिकेटच्या सामन्यात स्कोअरची पट्टी आली की दादा चॅनेल बदलायचा. पट्टी कायमचीच असते, त्यामुळे सामना आम्हाला मासे, भाषणं आणि इराणी गालिच्यांच्या मधूनमधून दिसे. एकदा शेवटचं षटक चालू असताना शेजारचे देसाई हात जोडून म्हणाले, "दादा, एवढं एक षटक." दादा म्हणाला, "तुमचा संघ पुन्हा जिंकेल. माझा ठिपका पुन्हा येणार नाही." मग तो समजावायला बसला. या टीव्हीतला प्रत्येक ठिपका स्वतः जळतो तेव्हा उजेड पडतो, म्हणून तो झिजतो. बाकीच्या टीव्हींना मागून दिवा असतो, त्यांना काय कळणार! हे होईपर्यंत सामना संपला होता.

टीव्ही बंद केल्यावर तो आतल्या आत पडदा स्वच्छ करतो, म्हणून भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही, हा दुसरा नियम. वहिनी काटकसरी. ती जाता येता बटण दाबायची. शेवटी दादाने बटणाखाली कागद चिकटवला, 'झोपलेला नाही, अंघोळ करतोय.'

"अहो, सासूबाईंनीसुद्धा माझ्यावर एवढा पहारा ठेवला नव्हता," वहिनी म्हणायची.

डाग नेमका किती जणांच्या टीव्हीवर पडतो, हा दादाचा ध्यास झाला. पाहुणा आला की पाण्याच्या आधी प्रश्न, "तुमच्याकडे ओएलईडी आहे? डाग?" पळस्प्याला एका साखरपुड्यात त्याने यजमानांच्या टीव्हीवर फोनमधला नुसता करडा पडदा लावला आणि चष्मा कपाळावर चढवून कोपरे तपासले. नवरीकडच्यांना वाटलं, काहीतरी विधी आहे. दोघीतिघी डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. डाग नव्हताच. कुठेच नव्हता. पनवेलच्या बाजारातला टीव्हीवाला कंटाळून म्हणाला, "काका, घरात चार माणसं चार गोष्टी बघतात, त्यांना नाही होत ओ. एकच चॅनेल दिवसच्या दिवस लावून ठेवलं तरच."

"म्हणजे हिच्यासारखं," दादा म्हणाला.

कारण वहिनी बघायची आपलं लोकल केबल. वाढदिवसांचे फोटो, पाणी कधी येणार, कुणाची पर्स सापडली, साडीच्या दुकानाचा सेल, आणि मधूनच जुनी गाणी. वहिनी आपटा गावची. कुणी आपट्याचं दिसलं की स्वयंपाकघरातून हात पुसत यायची. "अगं बाई, ही तर आमच्या घाटावरच्या सुमनची नात! केवढी झाली!" उजव्या कोपऱ्यात लाल चौकटीत 'थेट प्रक्षेपण' असं कायम लिहिलेलं. गेल्या वर्षीचं विसर्जन दाखवत असले तरी थेट प्रक्षेपणच.

"यांची पट्टी अमर आहे. पॅनेल मरेल," असं म्हणत दादा चॅनेल बदलायचा. वहिनी पोळी उलटून यायची आणि परत लावायची. संसारात त्यांचं याहून मोठं भांडण मी ऐकलं नाही. आता वाटतं, दिवसभर ते दोघं बोलायचे ते बहुतेक एवढंच.

तेरावं झालं, मुग्धा परत गेली. खालून लोकल केबलचा आवाज येऊ लागला. सकाळी यायचा, दुपारीही तोच. मी डबा घेऊन गेले तर दादा स्वयंपाकघरात ओट्याशी चहा गाळत होता आणि बाहेरच्या खोलीत रिकाम्या सोफ्यासमोर कुणाचा तरी पहिला वाढदिवस चालला होता.

"दादा, पट्टी," मी म्हटलं.

"असू दे."

थोड्या वेळाने कप धुता धुता म्हणाला, "आपट्याचं कुणी दिसलं तर सांगायला हवं ना."

कुणाला, ते त्याने सांगितलं नाही.

मुग्धा दिवाळीला आली तेव्हा सिनेमा लावला. पडद्यावर बर्फाचा डोंगर होता आणि त्याच्या उजव्या खांद्यावर फिकट 'थेट प्रक्षेपण'. खाली पट्टीची सावली. तिने लगेच माणूस बोलावला, नव्या पॅनेलचे पैसेही भरते म्हणाली. माणूस आला, त्याने करडा पडदा लावला आणि हसला. "एकच चॅनेल. डाग असला की हेच असतं काका. काकू बघायच्या ना?"

दादा एकदम उठून उभा राहिला.

"तिला बोलायचं नाही," तो म्हणाला. "ती होती तोवर मी पडू दिला नाही. हा डाग माझा आहे."

"बाबा, बदलून घेऊ या ना," मुग्धा म्हणाली.

दादा पडद्याजवळ गेला. चष्मा कपाळावर चढवून त्याने तो कोपरा बराच वेळ पाहिला, कारखान्यात पत्रा पाहायचा तसा.

"छटा चांगली आलीय," म्हणाला. "राहू दे."

माणूस पॅनेल न बदलता गेला.

आता मी संध्याकाळी खाली जाते. दादा मला बातम्या लावू देतो, सामना तर शेवटपर्यंत बघू देतो. देसाईही येतात. बटणाखालचा कागद अजून आहे. बर्फ असो, मैदान असो, कोपऱ्यात ती अक्षरं असतात. अख्ख्या पनवेलमध्ये डाग पडलेला टीव्ही दादाला एकच सापडला, आणि तो त्याच्या घरी आहे.