वूफरांचा मानपान

कोणत्याही यंत्रावर त्याला सोसेल एवढाच भार टाकावा, या तत्त्वाला आपल्याकडे कोणाचाच विरोध नाही. यंत्र दुसऱ्याचे असेल तर पाठिंबा अधिकच असतो. मतभेद होतात ते सोसणे म्हणजे किती, एवढ्याच किरकोळ मुद्द्यावर.

केजला बसस्थानकामागे सिद्धेश्वरआप्पा गाड्यांत स्पीकर बसवून देत. वय एकसष्ट. खोक्यातून निघणारे माहितीपुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचणारा तालुक्यातला हा एकमेव माणूस (आणखी एक होते, ते वारले). बोलणे कमी, तेही पुस्तक हातात असेल तर. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही अॅम्प्लिफायर जळला नव्हता. मिरवावे असे त्यांच्याकडे एवढेच होते, आणि ते मिरवायला त्यांना लाज वाटे.

तरुण नेते विजयसिंहभैय्यांच्या वाढदिवसाला चार गटांनी त्यांच्या गाडीसाठी चार वूफर भेट दिले. वूफर म्हणजे गाण्यातला फक्त दणका वाजवणारा मोठा स्पीकर. शब्द त्याच्या अखत्यारीत येत नाहीत (म्हणून तो नेत्यांच्या गाडीला शोभतो). देणारे असे: बजरंगचे तरुण मंडळ, वनमालाताईंचा बचत गट, माजी सरपंच विठ्ठलराव आणि व्यापारी मंडळ (यांनी ‘आम्हाला प्रसिद्धी नको’ असे वूफरवर नावासह छापून घेतले होते).

चारही वूफर एकाच अॅम्प्लिफायरवर चालवायचे होते. पुस्तकात लिहिले होते की भार चार ओहमच्या खाली नेऊ नये. ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप, आणि त्याचा स्वभाव उलटा असतो: आकडा जितका लहान, तितका भार मोठा. प्रत्येक वूफर चार ओहमचा. चौघांनाही अॅम्प्लिफायरपासून स्वतंत्र वायर दिली तर आकडा एकावर येतो आणि थोड्याच वेळात धूर निघतो. उपायही पुस्तकातच होता. दोन-दोनच्या जोड्या कराव्यात, पहिल्यातून निघालेली वायर दुसऱ्यात न्यावी, मग दोन्ही जोड्या शेजारी-शेजारी जोडाव्यात. भार नेमका चार.

आप्पांनी ही आकृती वहीच्या कागदावर काढून बैठकीत ठेवली.

“म्हंजी आमच्या वूफरला वायर बजरंगच्या वूफरातून येनार?” वनमालाताईंनी विचारले.

“व्हय ताई.”

“बचत गटाला डायरेक्ट कावून न्हाई? आमी काय सवतीचे हाव?”

“मला बी डायरेक्टच पायजे,” विठ्ठलराव म्हणाले. “भैय्याच्या आज्यापासून आमची वायर डायरेक्ट हाय.”

“पन करंट सारखाच जातो,” आप्पा पुस्तकाकडे बघत म्हणाले. “जोडीतल्या पहिल्याला जेवढा, तेवढाच शेवटल्याला.”

पहिल्याला मिळते तेवढेच शेवटच्याला मिळते, अशी एकही गोष्ट उपस्थितांपैकी कोणी आजवर पाहिलेली नव्हती.

“आप्पा,” विठ्ठलरावांनी मायेने विचारले, “कालव्याचं पानी शेवटल्या शेताला कधी गेलतं का?”

आप्पांनी पुस्तकाची अनुक्रमणिका चाळली. त्यात कालवा नव्हता.

त्यानंतर पाच बैठका झाल्या. चहा एकशे बारा कप, सूचना एकोणीस, रुसून उठून गेलेले सात, चहा आल्यावर परतलेले सात. जोडीतला पहिला मान प्रत्येक वूफरला पंधरा-पंधरा दिवस द्यावा, अशी एक सूचना आली. दुसरा नंबर ज्याचा येईल त्याची डिक्कीऐवजी पुढच्या सीटवर सोय करावी, अशीही एक आली. शेवटी बजरंगने मूळ प्रश्नालाच हात घातला.

“जीपवर नऊ शिटा लिहिलंय, बसत्यात सतरा. मोडली का कधी? लिहायचं असतंय ते लिहित्यात बे!” (मोडली आहे. परंतु तो मुद्दा चर्चेत नव्हता.)

अखेर ठराव मांडण्यात आला: चौघांना स्वतंत्र वायर द्यावी व एकूण भार चार ओहमच धरावा. ठराव बहुमताने मंजूर झाला (अॅम्प्लिफायर गैरहजर होता). जळाल्यास जबाबदारी आप्पांची, हे मात्र एकमताने ठरले.

“उद्या घाटनांदूरला मिरवनूक हाय, आप्पा. वाजलं पायजे,” बजरंग म्हणाला. “न्हाई तर सगळ्या तालुक्यात नाव तुमचंच निघंल.”

आप्पांनी भर दुपारी दुकानाचे शटर अर्धे ओढून घेतले आणि पुस्तक दोनदा वाचले. कमीत कमी ओहम कुठवर, जास्तीत जास्त ऊन कुठवर, सगळे त्यात होते. खोटे किती बोलावे यावर प्रकरण नव्हते. मग त्यांनी अॅम्प्लिफायरपासून बोटाएवढ्या जाड चार लाल वायरी काढल्या, प्रत्येकीला गटाच्या नावाची चिठ्ठी लावली आणि सरळ त्या-त्या वूफरापर्यंत नेल्या. त्यातल्या दोन निव्वळ शोभेच्या होत्या. वूफरापर्यंत पोचत होत्या, लागत कुठेच नव्हत्या. त्या दोघांची खरी जोडणी कार्पेटखालून, काळ्या वायरीने, जोडीतल्या पहिल्या वूफरातून. शोभेच्या दोन कोणाला द्यायच्या, यासाठी त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. अन्यायसुद्धा नियमाने व्हावा, असे त्यांना वाटे.

मिरवणूक चार तास वाजली. आप्पांनी चोरून अकरा वेळा अॅम्प्लिफायरला हात लावला. तो कोमट होता. प्रत्येक गटाने आपापल्या वूफरवर तळवा ठेवून बघितला आणि आपलाच सर्वांत जास्त दणकतो, असा निष्कर्ष काढला. सर्वांत ठामपणे काढला तो शोभेच्या वायरवाल्यांनी.

“लई दणकतोय आमचा! डायरेक्ट हाय ना,” वनमालाताई म्हणाल्या. “पुस्तकातलं सगळंच खरं नसतंय, आप्पा.”

“व्हय ताई,” आप्पा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

तीस वर्षे काही जळले नाही, याची दखल कोणी घेतली नव्हती. डायरेक्ट वायरची कीर्ती मात्र आठवड्यात नेकनूरपर्यंत गेली. तिकडून पाच जण तशीच वायर बसवून घ्यायला आले. त्यातल्या दोघांकडे वूफर नव्हता.

आठव्या दिवशी विजयसिंह एकटेच दुकानी आले. डिक्की उघडून त्यांनी एक लाल वायर ओढली. ती सहज हातात आली.

“आप्पा, ही तर कुठंच लागलेली न्हाई.”

आप्पांनी पुस्तक उघडले.

“ऱ्हाऊ द्या ते. मी कुनाला सांगत न्हाई.” विजयसिंहांनी आवाज उतरवला. “एकच इचारायचं हाय. मला बी मुंबईहून डायरेक्ट वायर हाय, असं समदे म्हनत्यात. ती खरी हाय का न्हाई, हे कसं बघायचं?”

“कार्पेट उचलून,” आप्पा म्हणाले.

विजयसिंहांनी कार्पेटच्या कडेला बोट लावून पाहिले. मग वायर होती तिथे खोचली, डिक्की हलकेच लावली आणि गाणे मोठे करून निघून गेले.

वाचकांनी हसायला हरकत नाही. आपलीही वर कुठेतरी थेट ओळख आहे, वेळ आली तर एका फोनवर काम होईल, असे आपण घरी सांगतच असतो. तो फोन आपण अजून एकदाही लावलेला नाही, ही आपल्या शहाणपणाची खूण समजावी.