खोल चेंबरची गाडी

आजोबांच्या जुन्या गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं तिनं ठरवलं, आणि तीन महिने घरात दुसरा विषय उरला नाही. बाबांची अट होती: रविवारी गाडी मला नि तुझ्या आईला घेऊन मावशीच्या दारात पोचली तर तुझी, नाहीतर सोमवारी भंगारवाल्याची.

घोडं अडलं चेंबरपाशी. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं पत्र्याचं भांडं. नव्या इंजिनाचं मूळ चेंबर गाडीखालच्या आडव्या दांडीवर आपटत होतं, म्हणून मेकॅनिककाकांनी दुसरी दोन आणली होती. एक उथळ, एक खोल.

"उथळ घे," बाबा म्हणाले.

"का?"

"मला आपलं वाटतं."

(या 'वाटण्या'वर मोठी माणसं अख्खं आयुष्य रेटतात!)

"खोल चेंबरमध्ये दीड लिटर तेल जास्त मावतं, बाबा. इंजिन थंड राहतं."

"जमिनीला लागेल गं."

"सहा इंच जागा सुटतेय! पट्टी लावून मोजलीय मी!"

तिनं स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा पळवला आणि त्या दांडीवर थापला. काकांनी खोल चेंबर लावलेलं इंजिन साखळीनं खाली सोडलं, पुन्हा उचललं. कणीक दोन बोटं जाड उरली होती. म्हणजे दांडी आणि चेंबरमध्ये दोन बोटं मोकळी! ती गॅरेजभर नाचली.

"आता ती कणीक कोण खाणार?" आईनं विचारलं.

रविवारी इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. बाबा पुढे बसले, आई मागे. गल्लीच्या तोंडाशी पहिला गतिरोधक.

खर्रर्र!

बाबा उतरून वाकले. "काय गं, तू मोजलंस तेव्हा गाडीत कोण बसलं होतं?"

कोणीच नाही. दोघांच्या वजनानं म्हाताऱ्या स्प्रिंगांनी माना टाकल्या होत्या.

"आई, तूही उतर," ती दातओठ खात म्हणाली. हलकी झालेली गाडी ऐटीत पार झाली. दोघं बसली. पुढचा गतिरोधक. उतरा. बसा. चौथ्यानंतर आई बसायला आलीच नाही.

"तू ये सावकाश. आम्ही होतो पुढे."

ती मावशीच्या दारात पोचली तेव्हा बाबांचा दुसरा चहा चालला होता.

"पोचली! स्वतःच्या चाकांवर पोचली!" ती ओरडली.

"तुझीच गाडी," बाबा उदारपणे म्हणाले. "जाताना आईची पिशवी तेवढी ने."

मग क्षणभर विचार करून म्हणाले, "नको, राहू दे. वजन पडेल."