पन्नास रेणू, परत आले नाहीत

संस्थेच्या नियमानुसार मृत कर्मचाऱ्याची कोणतीही वस्तू, त्याच्या नावावरचा माल परत जमा झाल्याशिवाय वारसाला मिळत नाही. बाबांच्या नावावर एक स्टूल, एक टेबलदिवा आणि पन्नास रेणू होते. स्टूल आणि दिवा संस्थेला परत मिळाले.

मला फक्त त्यांची वही हवी होती. शेवटची, निळ्या पुठ्ठ्याची. ती भांडारपालांच्या कपाटात होती. बाबांना जाऊन पाच महिने झाले होते.

रेणू नोंदवहीत चढवण्याची चूक बाबांचीच. इतर शास्त्रज्ञ असलं काही नोंदवत नाहीत. पण कामात वापरलेली प्रत्येक वस्तू नोंदवावी असा नियम बाबांनी वाचला, आणि नियम वाचणारे संस्थेत ते एकटेच होते.

"ताई, रेणू आणा आणि वही न्या," भांडारपाल म्हणाले.

"त्यात अल्पायुषी रेडियम होतं. त्याचं विघटन होतं. पंधरा दिवसांत निम्मं जातं."

"आणि पुढच्या पंधरा दिवसांत?"

"उरलेल्यातलं निम्मं."

"म्हणजे दर वेळी निम्मं उरतंच की! उरलेला माल 'शिल्लक' या सदरात येतो. शिल्लक आहे, तर जमा करा."

प्रकरण निर्लेखन समितीकडे, म्हणजे परत न आलेला माल नोंदवहीतून कमी करणाऱ्या समितीकडे गेलं. तीन सदस्य, एक अध्यक्ष धरून. अध्यक्षांनी विचारलं, "हे रेणू घेऊन तुमचे वडील नेमकं काय करत होते?"

"अणूच्या केंद्रकात काय आहे ते शोधत होते. रेणूतला इलेक्ट्रॉन क्षणभर केंद्रकात डोकावून येतो. त्यामुळे त्याच्या ऊर्जेत किंचित फरक पडतो. लेसर टाकून बाबा तो फरक मोजायचे."

"म्हणजे स्वतः आत पाहिलं नाही?"

"नाही."

"पाहिलं कोणी?"

"इलेक्ट्रॉननं."

"तो कायम आहे की रोजंदारीवर?"

मी गप्प राहिले. माझं मौन इतिवृत्तात 'रोजंदारीवर' असं नोंदवलं गेलं.

"रोजंदारीवरचा माणूस परवान्याशिवाय आत जातो, बाहेर येऊन काहीबाही सांगतो, आणि त्यावर तीस वर्षं अहवाल लिहिले जातात!" अध्यक्षांनी चष्मा पुसला. "ऐकीव माहिती चालणार नाही. समिती स्वतः पाहणी करेल. रेणू दिसले तर जमा, नाही दिसले तर गहाळ. गहाळ ठरले तर वही पुरावा म्हणून कायमची आमच्याकडे."

पाहणीच्या दिवशी मी लवकर पोचले. भांडारपालांनी खुर्ची पुढे केली. "बसा ताई. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तुम्ही."

"कशावरून?"

"चेहऱ्यावरून कळतं हो."

"तसं लिहून सही करून द्याल?"

"छे! तुमच्या पोटात कोण डोकावलंय?"

प्रयोगशाळेत पोलादी पेटी होती. तिला नाण्याएवढी काचेची खिडकी. यंत्र बंद होतं, पेटी रिकामी होती. अध्यक्ष वाकले, बराच वेळ वाकलेले राहिले, आणि कमरेला हात लावून उठले.

"आहेत," ते म्हणाले. 'नाहीत' म्हटलं असतं, तर गहाळ मालाची चौकशी त्यांनाच करावी लागली असती.

दुसऱ्या सदस्यांनी उभ्याउभ्याच मान हलवली. "साहेबांना दिसले, म्हणजे मलाही दिसले."

तिसरे फोनवर होते. त्यांनी दोन बोटं वर केली. एकेक बोट म्हणजे पंचवीस रेणू असं धरण्यात आलं.

प्रमाणपत्र तयार झालं: 'पन्नास रेणू केंद्रकांसह प्रत्यक्ष पाहिले, सुस्थितीत आहेत, जमा करून घेतले.' खाली समितीच्या तीन सह्या, वारसाची एक, आणि बाहेरच्या साक्षीदाराची एक जागा.

मी सही केली. मला वही हवी होती.

"साक्षीदाराचं नंतर बघू," म्हणत भांडारपालांनी ती माझ्या हातात ठेवली. जिन्यातच मी शेवटचं पान उघडलं. बाबांचं बारीक, उभं अक्षर:

'केंद्रक प्रत्यक्ष पाहिलेले नाही. फरकावरून ओळखले. चूक असू शकते, पुन्हा मोजणे.'

वरच्या मजल्यावर माझी सही वाळत होती.

संध्याकाळी भांडारपालांचा फोन आला. साक्षीदार अजून मिळालेला नाही, कोणी असेल तर कळवा, असं म्हणाले. मी तुमचं, हे वाचणाऱ्याचं, नाव सुचवलं आहे. तुम्ही सुरुवातीपासून इथेच होता, एकदाही हरकत घेतली नाहीत. सही तेवढी करा. पाहावं काहीच लागत नाही.