सुवर्ण सदस्याचा कॅमेरा

"माझ्या पाठीशी अख्खी कंपनी उभी आहे," असं म्हणत फ्लॅशभाऊंनी कॅमेरा कंपनीचं सोनेरी सदस्य-कार्ड कपाला टेकवून उभं केलं. संध्याकाळी मेहुणीचं लग्न होतं. जोडीला दुसरा फोटोवाला बघू का, एवढंच मेहुण्याने विचारलं होतं. "व्यावसायिक माणसाचा कॅमेरा बिघडला तर कंपनी तिथल्या तिथे बदली कॅमेरा देते. बसा नीट, सगळ्यांचा एक फोटो काढतो."

शटर अर्ध्यावर आलं आणि तिथेच बसलं.

"मारा आता कंपनीला हाक, भाऊजी," मेहुणा म्हणाला.

बायको हसली नाही. "माझ्या बहिणीचं लग्न परत होणार नाही. कॅमेरा घेऊनच ये."

सर्व्हिस सेंटरमध्ये हौशी लोकांसाठी एक बाक आणि एक मेकॅनिक होता. सुवर्ण सदस्यांसाठी सन्मान कक्ष. तिथे सोफा होता, गार पाणी होतं आणि एक मॅडम होत्या. मेकॅनिक नव्हता.

"बिघाडाचा फोटो लागेल, सर. तुमच्या नोंदणीकृत कॅमेऱ्यानेच काढलेला."

"तोच बंद आहे ना."

"मग बिघाड सिद्ध होत नाही."

"बरं, बदली कॅमेरा द्या. संध्याकाळी लग्न आहे."

"तो फक्त कार्यरत व्यावसायिकांना देतो. आत्ता या क्षणी तुम्ही फोटो काढू शकता का?"

"कशाने काढू?"

मॅडमनी अतिशय हळुवारपणे टाइप केलं, 'सदस्य सध्या कार्यरत नाही.' कार्ड आपोआप रद्द झालं. सोफ्यावरून उठावं लागलं.

फ्लॅशभाऊंना उलट हायसं वाटलं. ते हौशी लोकांच्या बाकावर जाऊन बसले. मेकॅनिकने शटरवर फुंकर मारली, पिनेने कुठेतरी ढोसलं आणि कॅमेरा हातात ठेवला. "झालं. एक काढून बघा."

फ्लॅशभाऊंनी त्याचाच फोटो काढला. शटरचा आवाज सन्मान कक्षात पोचला. मॅडम लगबगीने बाहेर आल्या.

"अभिनंदन, सर. तुम्ही पुन्हा कार्यरत झालात. कार्ड चालू झालं. पण सुवर्ण सदस्याचा कॅमेरा असा बाकावर दुरुस्त करता येत नाही. आम्ही तो आधी पूर्ववत करू."

"पूर्ववत म्हणजे?"

"होता तसा. अडकलेला. मग सन्मानाने दुरुस्त करू." त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी काढून घेतला.

"मग आता तरी बदली कॅमेरा?"

"कसा देणार? तुमच्या हातात कॅमेरा नाही, म्हणजे तुम्ही कार्यरत नाही. पाणी घ्या ना."

लग्नाचे फोटो सासूबाईंनी त्यांच्या फोनवर काढले. प्रत्येक फोटोत नवरी निम्मी आणि अंगठा पूर्ण. बायको त्यानंतर फ्लॅशभाऊंशी फक्त मेहुण्यामार्फत बोलत होती. आणि मेहुण्याने, सगळी हकिकत पोट धरून हसत ऐकल्यावर, हळूच विचारलं, "सोफा मऊ होता का हो?" दुसऱ्याच दिवशी त्याने एक साधा कॅमेरा घेतला आणि कार्डासाठी अर्ज टाकला. तुम्ही हसू नका. तुमच्याही पाकिटात असं एखादं कार्ड आहे, आणि पाकीट उघडल्यावर दिसेल असंच तुम्ही ते ठेवलंय.

पुढे कंपनीकडून फ्लॅशभाऊंना रिबीन बांधलेलं खोकं आलं. आत नवं, प्लॅटिनमचं कार्ड होतं. कॅमेरा नव्हता.